हलव्याला काटा येईपर्यंत

गेल्या हिवाळ्यात रोज संध्याकाळी पाच वाजता माझ्या चेहऱ्याची तपासणी होत असे. मुलगा फ्रिस्कोहून व्हिडिओ कॉल करायचा. आमच्या ट्रॉयला, मिशिगनमध्ये, डिसेंबरात पाचला सूर्य मावळतो. त्याच्याकडे तेव्हा चार वाजलेले असत आणि त्याच्या पाठीमागच्या खिडकीत टेक्सासचं पिवळं ऊन असे. ते ऊन तो मुद्दाम दाखवतो, अशी मला शंका होती. "बाबा, जेवलात का? बाहेर पडलात का? कोणाशी बोललात का?" असं तो ओळीने विचारायचा आणि मी उत्तरं देत असताना ती ऐकण्याऐवजी माझ्या डोळ्यांखाली बघत राहायचा.

ही तपासणी आम्ही ठरवून घेतलेली होती. माझी बायको त्याच वर्षी मार्चमध्ये गेली. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला मी फ्रिस्कोला गेलो, तर मुलाने आणि सुनेने खालच्या मजल्यावरची एक खोली माझ्यासाठी लावून ठेवली होती. नवी गादी, उशाशी वाचायचा दिवा, भिंतीला पुस्तकांचं मोठं कपाट. कपाट पूर्ण रिकामं होतं. पाहुण्याच्या खोलीत कोणी रिकामं कपाट ठेवत नाही. ते बघितल्यावर काय बोलणं होणार आहे हे मला कळलं.

"घर आत्ताच्या आत्ता विका असं नाही म्हणत मी," मुलगा म्हणाला. "पण पूर्ण विंटर तिथे एकटं? बाबा, तिथे नॉर्मल लोकांना डिप्रेशन येतं. तुम्ही तर..."

"मी तर काय?"

तो उशाशीचा दिवा सरळ करायला लागला. मी म्हणालो, "एकतीस हिवाळे काढलेत मी तिथे."

"आईबरोबर काढलेत."

मी अटी मागितल्या. ठरलं ते असं. एक हिवाळा. संक्रांतीला मी फ्रिस्कोला येणारच होतो, कारण नातीचं बोरन्हाण होतं. तोवर मी खचलो नाही तर घर राहील आणि मीही त्यात राहीन. खचलो तर जानेवारीतच घराबाहेर विक्रीची पाटी लागेल आणि माझी पुस्तकं त्या कपाटात येतील. खचलो की नाही हे तो ठरवणार, रोज पाचच्या कॉलवर, माझा चेहरा बघून.

मी नोकरीची सगळी वर्षं गाड्यांच्या ब्रेकच्या चाचण्या घेण्यात घालवली. चाचणी कशी असावी आणि कशी नसावी याबद्दल माझी मतं पक्की आहेत. कॅमेऱ्यातून चेहरा बघणं ही काही चाचणी नव्हे. पण परतीच्या विमानात मी ठरवलं, की हिच्यात नापास व्हायचं नाही.

मुलाने पहिल्याच आठवड्यात एक दिवा पाठवला. पांढराशुभ्र, चौकोनी, डोळे दिपवणारा. सूर्य दिसत नाही तिथल्या लोकांनी सकाळी त्याच्यासमोर अर्धा तास बसायचं असतं. मी बसायचो. कोंबडीची पिल्लं बल्बखाली ठेवतात, त्यांची आठवण यायची. सकाळचा माझा क्रम ठरलेला होता: उठायचं, ह्युमिडिफायरमध्ये पाणी भरायचं, चहा टाकायचा, दिव्यासमोर बसायचं, मग दाढी. दाढी रोज, कारण दोन दिवसांचे खुंट पाचच्या कॉलवर माझ्याविरुद्ध गेले असते.

लायब्ररीत एक पिवळा कागद वाटत होते. सणासुदीच्या काळ्या दिवसांत आनंदी आणि उत्साही कसं राहावं, याची त्यावर यादी होती. चाला, उजेड घ्या, लोकांत मिसळा, गोड कमी खा, आभार कशाकशाचे मानायचे ते लिहून काढा. वर पांढऱ्या केसांच्या एका जोडप्याचं चित्र होतं, दोघांच्या हातांत कप, दोघं हसत एकमेकांकडे बघताहेत. मला त्या चित्राचा इतका राग आला की तो कागद मी घडी करून, वाचत असलेल्या पुस्तकात खूण म्हणून घातला. त्याचा एवढा उपयोग मला मान्य होता.

तरी मी चाललो. बर्फ पडल्यावर रस्त्यावर चालता येत नाही, म्हणून सकाळी मॉल उघडला की तिथे, बंद दुकानांच्या पुढून. माझ्या वयाची बरीच माणसं तिथे पांढरे बूट घालून गोल गोल चालत असतात. वरून नाताळची गाणी चालू. मधोमध सांताक्लॉजची खुर्ची, अजून रिकामी. तिसऱ्या फेरीला एका बाईने मला विचारलं, "बायको आज आली नाही?" आम्ही दोघं पूर्वीच्या हिवाळ्यांत तिथेच चालायचो, हे तिच्या लक्षात होतं. मी म्हणालो, नाही आली. आणखी चार फेऱ्या पूर्ण केल्या. ठरवलेल्या सात फेऱ्या सोडून मी घरी जाणार नव्हतो, निदान त्या प्रश्नामुळे तरी नाही.

आमच्या गल्लीत सगळ्या घरांना दिवे लागले. समोर शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई राहतात. त्यांचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली. त्या अजून स्वतः शिडीवर चढून पन्हळीला माळा लावतात आणि अंगणात तारेचं एक दिव्यांचं हरीण उभं करतात. त्या हरणाच्या एका पायातले दिवे लागत नाहीत. मी शिडी धरायला गेलो.

"एवढी हौस कुठून आणता?" मी विचारलं.

"हौस?" त्या वरून म्हणाल्या. "अंधारात मला माझ्या घराचं दार सापडत नाही. आणि मला नाताळबद्दल काही विचारू नकोस, शिडी नीट धर."

त्या दिवशी पाचच्या कॉलवर मी बरा दिसलो असणार. मुलगा तपासणी आटोपती घेऊन बोरन्हाणाकडे वळला. बाळाच्या पहिल्या संक्रांतीला त्याला काळं झबलं घालतात, हलव्याचे दागिने चढवतात आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, गोळ्या ओततात. माझ्या नातीला आठवा महिना होता.

"दागिने पुण्याहून मागवतोय," तो म्हणाला. "ऑनलाइन मिळतात. कुरिअर करतात. आता आई नाही, तर..."

"मी करतो."

"काय करता?"

"हलवा. आणि दागिने."

मागून सून म्हणाली, "बाबा, खरंच?" तिच्या आवाजात हसू होतं, पण वाईट नव्हतं.

"बाबा, तुम्हाला चहा येतो," मुलगा म्हणाला.

"आणि वरण."

"वरण आई कुकर लावून जायची. तुम्ही गॅस बंद करायचात."

"तेवढं कळतं ना मला, कधी बंद करायचा ते. हलव्यात तेच महत्त्वाचं असतं."

हे मी जिद्दीने बोललो, ज्ञानाने नाही. काटेरी हलवा मी पंचवीस-तीस वर्षं बघितला होता, केला एकदाही नव्हता. ट्रॉयमध्ये मराठी घरांत कोणाचं नवीन लग्न झालं, कोणाला बाळ झालं, की हलवा माझ्या बायकोकडे सांगितलेला असे. गाड्यांच्या कंपन्या नाताळ ते नवीन वर्ष बंद असतात. त्याला आमच्याकडे सगळे शटडाउन म्हणतात. त्या शटडाउनमध्ये ती पसरट पितळी परात शेगडीच्या सर्वांत मंद कोपऱ्यावर ठेवायची. परातीत मूठभर पांढरे तीळ. शेजारी वाटीत साखरेचा पाक. चमचाभर पाक तिळांवर सोडायचा आणि तो सुकेपर्यंत बोटांच्या टोकांनी तीळ फिरवत राहायचं. सुकला की पुढचा चमचा. असं दिवसाला तीन-चार तास आणि असे सहा-सात दिवस. तीळ हळूहळू पांढरा होतो, फुगतो, आणि मग एक दिवस त्याला साखरेचे बारीक बारीक काटे फुटतात. ती हात चालवायची आणि मी ओट्यासमोरच्या उंच स्टुलावर बसून तिला मोठ्याने वाचून दाखवायचो. जाड कादंबऱ्या आम्ही हलव्यात संपवल्या. मी इकडे चांगल्या जागी आलो की ती हात न थांबवता म्हणायची, "तेवढं परत वाच." हिवाळा असा जात असे. आम्हाला कोणी आनंदी राहा म्हणून कागद दिला नव्हता.

माझी थोरली बहीण सांगलीला असते. तिला फोन केला. ती आधी रागावली.

"अरे, वर्ष झालं नाही अजून. वर्षाच्या आत घरात सणाचं काही करत नाहीत, एवढं तुला ठाऊक नाही? आम्ही दिवाळीला साधी पणती नाही लावली तुझ्या बायकोसाठी. आणि तू हलवा करणार?"

"सण फ्रिस्कोला आहे, ताई. इथे मी फक्त साखर सुकवणार."

"वकील झाला असतास तर बरं झालं असतं."

"ती असती तर तिने केला असता की नसता?"

पलीकडे नळ बंद केल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "पाकात चमचाभर दूध घाल, मळी वर येते, ती काढून टाक. एकतारी पाक. आणि आच जवळजवळ नाही अशी पाहिजे. जमणार नाही तुला, पण कर."

पहिला हलवा पहिल्याच दिवशी पिवळा पडला. आच जास्त झाली. दुसऱ्याचे गोळे झाले, कारण पाक मी मोठ्या मनाने सोडत होतो. तिसऱ्यापासून मी वही घेतली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच ठेवायचं. आम्ही ब्रेकच्या चाचण्या अशाच करायचो. चमचा लहान केला. आच आणखी खाली आणली. साखर बदलली. तीळ आधी भाजून घेतले, मग न भाजता घेतले. तीळ पांढरे व्हायचे, फुगायचे आणि बडीशेपेच्या गोळ्यांसारखे गुळगुळीत राहायचे. हाताला किंचित चिकट लागायचे. रात्रभर झाकून ठेवले की सकाळी एकमेकांना धरून बसलेले असायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी मी ते टाकून नवे घ्यायचो.

शटडाउन सुरू झाला तशी गल्लीतल्या घरांपुढे बाहेरगावच्या गाड्या लागल्या. लोकांच्या खिडक्यांतून आतली गर्दी दिसायची. मी रोज चार तास ओट्याशी उभा. कंबर दुखायची. बोटांची टोकं भाजून लाल झाली होती. वाचून दाखवायला कोणी नव्हतं, म्हणून रेडिओ लावून बघितला. रेडिओवर प्रत्येकजण मला सणाच्या शुभेच्छा देत होता. बंद केला. स्टूल समोरच होतं. ते मी गराजमध्ये नेऊन ठेवलं आणि पुन्हा हात चालवायला लागलो.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी पाचव्यांदा हलवा गुळगुळीत निघाला. मी परात तशीच ठेवून खुर्चीत बसलो आणि पाच वाजल्याचं माझ्या लक्षात आलं नाही. फोन वाजला तेव्हा घरात एकही दिवा नव्हता. हा माझा गाढवपणा. एवढे दिवस मी साडेचारलाच खालचे सगळे दिवे लावून बसत होतो.

"बाबा, अंधारात बसलात?"

"लावतच होतो."

"तुम्ही रडलात का?"

"डोळ्यांना साखरेचा हात लागला."

त्याच्या मागे ऊन नव्हतं, तिथेही ढग होते. "शनिवारचं तिकीट होल्ड केलंय मी," तो म्हणाला. "वन वे. उद्या रात्रीपर्यंत कन्फर्म करावं लागेल. बाबा प्लीज, भांडू नका. हलवा मागवला आहे मी पुण्याहून. कालच मागवला."

"मला न विचारता?"

"तुमच्या वहीत चार नापास आहेत. तुम्हीच सांगितलंत."

वहीबद्दल मी त्याला सांगितलं होतं, ते त्याने हसावं म्हणून. त्या रात्री मी काही वाचलं नाही. इतकंच ठरवलं, की उद्या सहाव्यांदा करायचा, मग तिकीट असो नाहीतर नसो.

सकाळी सातला, अजून उजाडायचं होतं, मी ताईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन ओट्यावर उभा करून ठेवला. तिने परात बघितली, माझा हात बघितला.

"हात बरा चालतोय," ती म्हणाली. तिने मला असं काही म्हटल्याचं मला आठवत नाही. "आचही बरोबर आहे. मग काटा न यायला काय झालं? थंडी आहे ना तिथे?"

"उणे दहा आहे."

"मग हवा दमट असेल. दमट हवेत काटा येत नाही. आई म्हणून तर पहाटे गच्चीवर शेगडी नेऊन करायची. घरात कपडे वाळत घातलेस का?"

"इथे कपडे मशीनमध्ये वाळतात, ताई."

"मग तो आवाज कसला आहे?"

"कुठला?"

"मघापासून चाललाय. घूं घूं. तू फोन करतोस तेव्हा नेहमी असतो. मी म्हटलं अमेरिकेत घरांना असतोच आवाज."

मी थांबून ऐकलं. आधी काही ऐकू आलं नाही. मग आलं.

आमचं स्वयंपाकघर आणि बसायची खोली यांच्यात भिंत नाही. बायकोला शेवटी जिना चढवेना, तेव्हा तिचा पलंग आम्ही बसायच्या खोलीत, ओट्यापासून दहा पावलांवर आणला होता. हिवाळ्यात इथल्या घरांत हीटर चोवीस तास चालतो, हवा कोरडी ठाक होते, आणि तिला त्या हवेत श्वास लागायचा. म्हणून पलंगाशेजारी ह्युमिडिफायर ठेवला. मोठा, बादलीएवढ्या टाकीचा. तो दिवसरात्र वाफ सोडत असे. झोपताना ती विचारायची, "पाणी भरलंस?" आणि मी भरलेलं असलं तरी उठून बघून यायचो. ती गेल्यावर भाड्याने आणलेला पलंग परत गेला, औषधं गेली, ऑक्सिजनचं यंत्र गेलं. ह्युमिडिफायर आमचाच होता, तो राहिला. आणि मी रोज सकाळी उठून त्यात पाणी भरत राहिलो. हिवाळा संपला, उन्हाळा आला, बाहेर घाम येईल इतका दमटपणा होता, तरी मी पाणी भरत होतो. मीठ ओलं व्हायचं, पापड मऊ पडायचे. कपाटातल्या पुस्तकांची पानं फुगून लाटा आल्यासारखी झाली होती आणि मी ते पुस्तकांच्या वयावर ढकललं होतं. वहीत मी आच लिहिली, चमचा लिहिला, साखर लिहिली. हवा लिहिली नाही. नव्या पोराने अशी चाचणी माझ्यासमोर आणली असती तर मी त्याला परत पाठवलं असतं.

"ताई, फोन ठेवतो," मी म्हणालो.

"ठेव," ती म्हणाली. यंत्राबद्दल मी तिला काही सांगितलं नव्हतं, पण माझ्या चेहऱ्याची तपासणी तिलाही करता येते. "वर्षाच्या आत नको म्हणाले होते मी. पण आता हातात घेतलंयस ना, मग अर्धवट टाकू नकोस."

त्या यंत्राशेजारी मी किती वेळ उभा होतो ते सांगता येणार नाही. त्या सकाळचं पाणी मी आधीच भरून ठेवलं होतं. मला माहीत होतं की यंत्र बंद केल्याने काही होत नाही, जे व्हायचं ते मार्चमध्येच झालं आहे. हे माहीत असूनही माझा अंगठा बटणावर ठेवून मी मोठ्याने, रिकाम्या घरात म्हणालो, "बंद करतोय गं." आणि बंद केलं.

घर एकदम शांत झालं. अशी शांतता त्या घरात वर्षभर नव्हती. मला वाटलं होतं तशी ती अंगावर आली नाही. फ्रिजचा आवाज ऐकू आला, बाहेर कोणीतरी फावड्याने बर्फ ओढत होतं ते ऐकू आलं. टाकी उचलून मी त्यातलं पाणी कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं, उरलेलं मोरीत. मग ओट्यावरची खिडकी वीतभर उघडली, स्वेटरवर दुसरा स्वेटर चढवला, माकडटोपी घातली आणि पाक करायला घेतला.

दुपारी समोरच्या बाई बिस्किटांचा डबा घेऊन आल्या. दारातूनच त्यांना उघडी खिडकी, टोपी आणि परात दिसली.

"हीटर गेला का?"

"नाही. या मिठाईला कोरडी थंड हवा लागते."

त्यांनी कोट न काढता परातीत डोकावलं. "आणि हे किती दिवस करायचं असतं?"

"सात."

"वेडा आहेस," त्या म्हणाल्या आणि बसायला जागा शोधू लागल्या. मी गराजमधून स्टूल आणलं.

पाचला फोन वाजला तेव्हा मी तो उचलून परातीकडे फिरवला आणि पुन्हा हात चालवायला लागलो. सगळे दिवे लावलेले होते.

"बाबा, खिडकी का उघडी आहे? बर्फ आत येतोय. बाबा, तुम्ही ओके आहात ना?"

"तिकीट कॅन्सल कर."

"आधी मला सांगा, हे काय चाललंय?"

"ह्युमिडिफायर बंद केला आज. आईचा. त्याच्यामुळे काटा येत नव्हता." त्या यंत्रात त्यानेही पाणी भरलेलं होतं. मी म्हणालो, "मी येईन तो माझ्या तिकिटाने येईन आणि परतीचं काढून येईन. आणि आता ठेव, पाक सुकतोय."

कॉल मी संपवला. त्या हिवाळ्यात प्रथमच तो माझ्या बाजूने संपला. तिकीट त्याने रद्द केलं का नाही, हे त्याने कळवलं नाही, मीही विचारलं नाही. शनिवार आला आणि मी ओट्याशीच होतो.

समोरच्या बाई रोज दुपारी यायला लागल्या. इथे हिवाळ्याच्या मध्यावर बी-बियाण्यांचे जाड कॅटलॉग पोस्टाने घरी येतात. बाहेर बर्फ असताना लोक मे महिन्यात काय लावायचं ते त्यात खुणा करून ठेवतात. त्या कोट घालून स्टुलावर बसायच्या आणि मला टोमॅटोंची वर्णनं मोठ्याने वाचून दाखवायच्या. हा जांभळट, सालीला पातळ, उन्हात चिरतो. हा पिवळा, लहान, घोसाने येतो, मुलांना आवडतो. मला टोमॅटोंत रस नव्हता, पण वाचणाऱ्याच्या आवाजावर हात बरोबर चालतो, हे माझ्या लक्षात आलं. एकदा कारल्यासारख्या दिसणाऱ्या कुठल्याशा भोपळ्याचं वर्णन आलं. मी हात न थांबवता म्हणालो, "तेवढं परत वाचा." म्हटल्यावर मला ते ऐकू आलं. त्यांनी परत वाचलं.

चौथ्या दिवशी सकाळी परातीवरचं फडकं काढलं तर तीळ सुटे होते. दाणा दाण्याला चिकटलेला नव्हता. पाचव्या दिवशी चष्मा लावून बघितलं, तर दाण्याच्या अंगावर टोकं दिसली, मिठाच्या खड्याला असतात तशी. सहाव्या दिवशी ती बोटांना टोचायला लागली. सातव्या दिवशी मी वहीत "काटा आला" एवढं लिहिलं, आणि शेजारी, सवयीने, हवामान.

दागिन्यांना आणखी आठवडा गेला. हार, बाजूबंद, कंबरपट्टा, कपाळावरची बिंदी. एकेक दाणा दोऱ्यात अडकवायचा, काटा मोडू द्यायचा नाही. कंबरपट्टा दोनदा तुटला. माप सुनेने फोनवर सांगितलं होतं आणि शेवटी ती हळूच म्हणाली होती, "बाबा, पुण्याचं पार्सल आलंय. पण मी उघडलं नाही."

डबा मी विमानात मांडीवर घेऊन बसलो. त्याआधी विमानतळावर तपासणीच्या माणसाने झाकण उघडायला लावलं आणि बराच वेळ आत बघितलं. "हे समुद्रातलं आहे?" त्याने विचारलं. मी म्हणालो, साखर आहे, नातीसाठी, मी केली आहे. त्याने झाकण स्वतःच्या हाताने हळू लावून दिलं.

बोरन्हाण छान झालं. बोरं मिळाली नाहीत म्हणून द्राक्षं होती. काळ्या झबल्यावर हलवा असा काही पांढरा दिसत होता की क्षणभर मी नातीला उचलायचं विसरलो. तिने बिंदी ओढून तोंडात घातली, काटा टोचला, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा घातली.

सगळे गेल्यावर मुलगा माझ्या शेजारी येऊन बसला. डब्यात उरलेला हलव्याचा एक दाणा त्याने जिभेवर ठेवला.

"आईचे काटे बारीक असायचे," तो म्हणाला.

"हो. माझे जाड आलेत."

"तो ह्युमिडिफायर कुठे आहे?"

"गराजमध्ये. पुसून ठेवलाय."

त्याने मान हलवली. बराच वेळ तो दाणा जिभेवर फिरवत राहिला. मग म्हणाला, "रिटर्न कधीची आहे?"

"मंगळवारची. सकाळची."

"म्हणजे सहाला निघायला हवं. कॅब नका करू, मी ड्रॉप करतो." आणि थोड्या वेळाने, "पाचचा कॉल चालू ठेवायचा ना?"

"ठेव. पण मी उत्तरं देतो ती ऐकत जा."

मंगळवारी निघताना मी त्या खालच्या खोलीत गेलो. भिंतीला ते कपाट अजून रिकामंच होतं. विमानात वाचायला आणलेलं पुस्तक मी त्याच्या मधल्या फळीवर आडवं ठेवलं. निम्मं वाचून झालं होतं, आत खुणेला तो पिवळा कागद होता. पुढच्या खेपेला आलो की उरलेलं वाचीन.